हिवरखेड : मामाचा पाय आणि मैत्रिणीचं जेल

लॅबमध्ये जखमा भरून काढणारी मैत्रीण आणि आठ महिने न भरलेली जखम घेऊन वावरात फिरणारे मामा. दोघांची गाठ घालून देणारा एक वीकएण्ड, सातपुड्याच्या पायथ्याशी.

'हिवरखेडला चाललेय' असं मुंबईत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. 'हे कुठे आलं?' आणि समोरचा वऱ्हाडातला निघाला तर प्रश्न बदलतो. 'कुठलं हिवरखेड?' कारण हिवरखेडं एकापेक्षा जास्त. एक अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. दुसरं अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. माझं आजोळ दुसरं. शाळेत असताना मे महिना म्हणजे हिवरखेड, एवढं साधं गणित होतं. मग दहावी आली, बारावी आली, मास कॉम आलं आणि डेडलाइन्स आल्या. गणित बिघडलं.

या जानेवारीत ते पुन्हा जुळलं. मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "मामाच्या पायाची जखम भरून नाई रायली व. आठ महिने झाले."

आठ महिने? मी दोनदा विचारलं. मामांना शुगर आहे हे माहीत होतं. मे महिन्यात वावर साफ करताना पऱ्हाटीचा खुट तळपायात घुसला. मामांना कळलंच नाही. घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, ते मामीला. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी 'कदाचित बोट काढावं लागेल' असं म्हटलं, आणि तेव्हापासून मामा त्या दवाखान्याकडे फिरकले नव्हते.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात माझी कॉलेजपासूनची मैत्रीण माझ्या सोफ्यावर पडून छताकडे बघत होती. ती बायोटेकमध्ये पीएचडी करते. चौथं वर्ष. विषय आहे जखम लवकर भरून यावी म्हणून बनवलेलं हायड्रोजेल. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी जेली, जखमेवर ठेवायची. तिचा रिसर्च पेपर नुकताच परत आला होता. गाइड खूश नव्हते. फेलोशिपचे पैसे लांबले होते. 'चार वर्षं जखमांवर काम करतेय आणि एकही माणूस बरा केला नाही,' हे तिचं रडगाणं सुरू होतं.

मी विचारलं, "तू खरी जखम कधी बघितलीस?"

"उंदराची."

"चल मग हिवरखेडला."

रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडली. कल्याण गेलं, डबा झोपला आणि मॅडम बोलायला लागल्या. तिच्या लॅबमधला सगळ्यात बेसिक प्रयोग ऐकून मी तर फिदाच झाले. प्लास्टिकच्या छोट्या ताटलीत त्वचेच्या पेशी वाढवायच्या. ताटलीचा तळ पेशींनी भरला की बारीक टोकाने मधोमध एक ओरखडा काढायचा. ही झाली 'जखम'. मग दर काही तासांनी मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे. दोन्ही काठांवरच्या पेशी मधल्या रिकाम्या पट्ट्यात सरकायला लागतात. साधारण एका दिवसात काठ एकमेकांना भेटतात.

"म्हणजे जखम आपली आपणच भरते?"

"नेहमीच. औषध जखम भरत नाही गं. शरीर भरतं. आपण फक्त वाटेतले दगड उचलायचे."

आधी रक्त थांबतं. मग सूज येते, म्हणजे पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात. मग नवं मांस भरतं आणि वरून कातडी सरकत येते. शेवटचं काम डागडुजीचं, ते कित्येक महिने चालतं. एवढं करूनही भरलेल्या जागेला मूळ कातडीच्या ८० टक्क्यांपलीकडे ताकद येत नाही. डायबेटिसवाल्यांची गाडी दुसऱ्या स्टेशनावरच अडकते. सूज संपतच नाही. रक्तपुरवठा कमी असतो, जंतू ठाण मांडून बसतात आणि नवं मांस तयार होण्याआधीच विरघळत जातं.

"आणि उंदीर?"

"उंदीर फसवतो यार! त्याच्या कातडीखाली स्नायूचा एक थर असतो, तो जखम ओढून बंद करतो, पाकिटासारखी. माणसाला तसं ओढता येत नाही. म्हणून उंदरावर सुपरहिट झालेलं माणसावर कितीदा आपटतं."

पहाटे अकोला. थंडी सॉलिड. चहा घेतला आणि अकोटची एसटी धरली. वाटेत पूर्णा नदीवर गांधीग्राम लागतं. गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या, म्हणून हे नाव. पण खवय्यांना हे गाव माहीत आहे ते गूळपट्टीसाठी. लहानपणी इथे गूळपट्टी घेतल्याशिवाय आम्ही पुढे गेलेलो नाही. यंदा मी खिडकीतून नुसती बघितली. शुगरवाल्या मामांकडे जाताना गूळपट्टी कशी नेणार?

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. जमिनीतलं पाणी खारट, त्यामुळे पिकं बहुतेक पावसाच्या भरवशावर. अकोट सोडून सातपुड्याच्या दिशेने जाऊ लागलं की हळूहळू चित्र बदलतं. पाणी गोड होतं. संत्र्यांच्या बागा दिसायला लागतात आणि केळीसुद्धा. समोर डोंगरांची निळी रांग. त्या रांगेतून पूर्वी मीटरगेजची गाडी जायची. अकोल्याहून हिवरखेड, धुळघाट करत खंडव्याला. धुळघाटला ती डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. आम्ही पोरं तेवढ्यासाठी जागे राहायचो. २०१७च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. आता हिवरखेडला उतरलं की स्टेशनऐवजी एसटी स्टँड.

मामा स्टँडवर घ्यायला आले होते. लंगडत. पायात साधी स्लिपर, आत चिंधी बांधलेली.

"काऊन व, गूळपट्टी नाई आणली?" पहिला प्रश्न!

घरी गेल्यावर मामीने गरम पाणी ठेवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. जेवण होईपर्यंत पायाचा विषय कुणी काढला नाही. वऱ्हाडात पाहुण्याचं पोट भरल्याशिवाय घरातलं दुखणं सांगत नाहीत. मग मैत्रिणीनेच विचारलं, "मामा, पाय बघू का?"

मामांनी चिंधी सोडली. आत कापसाचा बोळा. कापसावर हळद. कापूस जखमेला चिकटलेला. तो काढायला मामी ओढायला लागली तशी मैत्रीण म्हणाली, "थांबा मामी, ओढू नका," आणि उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून भिजवून पाच मिनिटांत सोडवला. अंगठ्याच्या खाली, तळव्यावर, रुपयाच्या नाण्याएवढी जखम. कडा पांढरी, जाड, घट्टा पडल्यासारखी. मधे पिवळट.

मी तोंड फिरवलं. तिने नाही फिरवलं. पण तिचा चेहरा मला वाचता येतो. चार वर्षं जी गोष्ट ती ताटलीत काढत होती, तिला वास असतो हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

"डोळे मिटा मामा." तिने एकेका बोटाला हलकेच हात लावला. "कळलं का सांगा." मामा गप्पच. तिने तीन बोटांना हात लावून झाला होता.

"मामा, तुम्हाला दुखत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे."

"दुखत नाई हे तं बरं हाय ना पोरी!"

"दुखलं असतं तर तुम्ही त्या पायावर चालला नसता."

इथे तिने जी गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते. १९४६ साली पॉल ब्रँड नावाचा ३२ वर्षांचा ब्रिटिश सर्जन तामिळनाडूत वेल्लोरला आला. म्हणजे जवळजवळ आपल्याच वयाचा. तेव्हा समज असा की कुष्ठरोग्यांचे पाय रोगानेच सडतात. ब्रँडने बघत बघत दाखवून दिलं की पायाची संवेदना गेलेली असते, माणूस जखमेवरच चालत राहतो आणि जखमा होतात त्या त्यामुळे. पाय प्लॅस्टरमध्ये घालून जखमेवरचा दाब काढला की तीच जखम भरते. योगायोग असा की त्याच १९४६ साली आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं, ते आजचं तपोवन. कुष्ठरोगाच्या पायांकडून शिकलेला तो धडा आज डायबेटिसच्या पायांना लागू पडतो. जखमेवर काय लावलं, याच्या आधीचा प्रश्न असतो जखमेवर किती वजन पडतंय.

"आणि तुम्ही रोज किती चालता मामा?"

मामी मधेच म्हणाली, "रोज कायले, रातीबी! हरभऱ्याले पाणी द्यायचं तं लाइन रातचीच असते. गमबूट घालून रातभर ओलित करते."

गमबुटात घाम, बाहेर चिखल, पायाखाली ढेकळं आणि जखमेला कळ नाही. मैत्रिणीने वही काढली. लिहायला लागली. मला वाटलं मामांसाठी सूचना लिहितेय. नंतर बघितलं तर स्वतःसाठी लिहीत होती.

मग मामांनी तो प्रश्न विचारला. मला खात्री होती की ते विचारणार.

"तुह्यं ते जेल आणलं का? लावून दे ना."

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. इतक्या लांब आलो आहोत, लॅबच्या फ्रिजमध्ये तिचं जेल आहे, उंदरांवर चाललंय. आठ महिने तर गेलेच आहेत. लावून बघायला काय हरकत आहे?

"नाही मामा. मी नाही लावणार."

"काऊन? माह्यावर भरोसा नाई?"

"माझ्यावर नाही. ते अजून माणसाला लावून बघितलेलं नाही. बिघडलं तर तुमचं बोट जाईल. आणि मला कळणारही नाही की जेलने बिघडलं की गमबुटाने."

मामा हिरमुसले. मामी तर चक्क नाराज झाली. मी रात्री अंगणात तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "तुला वाटतं मला नाही वाटलं? चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मागितलं." आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

सकाळी मामा आम्हाला वावर दाखवायला निघाले. मैत्रिणीने त्यांना शेजारच्या पोराच्या मोटरसायकलवर बसवूनच नेलं. कापसाच्या शेवटच्या वेचण्या चालल्या होत्या. "हा येवढा कापूस पिकवतो आपण," मामा म्हणाले, "आन् जखमेले कापूस चालत नाई म्हनते तू!" ती हसली. चालतो, पण गॉज म्हणून, विणून. सुटा बोळा जखमेवर ठेवला की धागे आत राहतात, चिकटतात, आणि दर वेळी काढताना नवी आलेली कातडी सोबत निघते. शिवाय कोरडी खपली म्हणजे जखम बरी, हा आपला सगळ्यांचा समज. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या, सुकलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते. तिचं हायड्रोजेल हे त्याच ओलाव्याचं नातवंड.

"आन् हळद?" मामी सहज मागे हटणारी नाही.

हळदीचा किस्सा मलाही माहीत होता. १९९५च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने ते लढवलं, जुने संस्कृत ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७च्या ऑगस्टमध्ये ते रद्द झालं. मी अभिमानाने सांगितलं. मैत्रिणीने हळूच टाचणी लावली. "पेटंट रद्द झालं ते हा शोध नवा नाही म्हणून. स्वयंपाकघरातली हळद मामांच्या पायात घालावी, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही."

शेजारच्या वावरात केळीची बाग होती. तिथे मात्र मॅडम एकदम खुलल्या. एक पान हातात घेतलं, पालथं केलं, बोट फिरवलं. "हे बघ किती गुळगुळीत. काही चिकटत नाही याला." मुंबईत सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर ड्रेसिंग म्हणून वापरलं. त्यांचे निबंध २००३ साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आले. त्याआधी १९८५ साली मुंबईच्याच डॉ. मनोहर केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून बघितल्या होत्या. गोरेंनी केळीचं पान आणि बटाट्याची साल यांची तुलना केली. दोन्ही सारखीच चांगली, पण पान कितीतरी स्वस्त. भारतातली पहिली स्किन बँक २००० साली सायनला सुरू झाली, ती उभी करणाऱ्याही याच गोरे मॅडम.

"मंग लाव पान!" मामा लगेच तयार.

"मामा! ते भाजलेल्यांसाठी, वाफेने निर्जंतुक केलेलं. तुमच्या पायाची गोष्ट वेगळी आहे."

पण मला तिचा मुद्दा कळला. ज्यांनी ते ड्रेसिंग शोधलं त्यांनी आधी वॉर्ड बघितला होता. पेशंटचे पैसे संपतात, ड्रेसिंग बदलताना तो किंचाळतो, हे रोज बघितलं होतं. मग विचारलं, काय स्वस्त आहे आणि काय चिकटत नाही? उत्तर केळीच्या पानावर वाढून आलं. नाहीतर उलटंही घडतं. १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जेम्स राइनवाल्ड नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने हॉवर्ड ग्रीन या आपल्या गाइडबरोबर माणसाच्या कातडीच्या पेशी लॅबमध्ये वाढवण्याची पद्धत शोधली. १९८३ साली ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना अशा वाढवलेल्या कातडीने वाचवलं. तिथे लॅब आधी होती, पेशंट नंतर आला. दोन्ही रस्ते खरे आहेत. मैत्रीण फक्त पहिल्या रस्त्यावर कधी चाललीच नव्हती.

त्या संध्याकाळी तिने मामांना सोपं गणित सांगितलं. पुण्याच्या नोव्हालीड कंपनीने एस्मोलॉल या हृदयाच्या औषधाचं जेल डायबेटिसच्या जखमांसाठी बनवलं. त्याच्या भारतातल्या चाचणीचे निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाले. जेल आणि नेहमीची नीट काळजी घेतलेल्यांपैकी १२ आठवड्यांत सुमारे ६० टक्क्यांची जखम भरली. नुसती काळजी घेतलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्क्यांची.

"म्हणजे मामा, जेल नसतानाही शंभरातल्या बेचाळीस जणांची भरली. जखम साफ करणं, शुगर सांभाळणं आणि पायावर वजन न देणं, एवढ्याने. तुम्ही यातलं एकही केलेलं नाही. आधी ते करू, मग माझ्या जेलवर रागवा."

मामा बराच वेळ सातपुड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हरभऱ्याले पाणी कोन देईल?"

जगातल्या कुठल्याही जर्नलमध्ये या प्रश्नाचं उत्तर नाही. ते शेजारच्या मोटरसायकलवाल्या पोराने दिलं. "मी देतो ना काका."

दुसऱ्या दिवशी मामांना अकोल्याला नेलं, वेगळ्या डॉक्टरांकडे. त्यांनी कडेचा घट्टा कापून काढला, रक्तपुरवठा तपासला, पायाला प्लॅस्टरसारखा बूट चढवला आणि तीन महिने वावर बंद केलं. जखम भरल्यावरही साधी स्लिपर नाही, मऊ एमसीआर रबराची चप्पल. ८० टक्क्यांची गोष्ट आठवली.

परतीच्या गाडीत मी तिची वही मागून वाचली. एका पानावर एवढंच होतं : 'फ्रिज नाही. मे महिन्यात घरात ४५ अंश. मामी एकटी बदलणार, हातमोजे नाहीत. दिवसाला किती रुपये? गमबुटात टिकेल? ओढून काढलं तर?' खाली दोन रेघा मारून लिहिलेलं : 'यातलं एकही मी तपासलेलं नाही.'

ही गोष्ट जानेवारीची. एप्रिलमध्ये मामीने फोटो पाठवला. रुपयाच्या नाण्याची जखम आता हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे. कडा गुलाबी. पूर्ण भरलेली नाही आणि डॉक्टर म्हणतात घाई नको. पण बोट जागेवर आहे, आणि काढायची भाषा आता कुणी करत नाही.

मैत्रिणीने लॅबमध्ये एक जुनं इन्क्युबेटर ४५ अंशांवर लावलं आहे. त्यावर कागद चिकटवलाय, 'हिवरखेड'. गाइडनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, उन्हाळा. तिचं जेल त्यात ठेवते, मग हातमोज्यांशिवाय काढून बघते. थीसिस सहा महिने लांबणार आहे. रडगाणं बंद आहे.

परवा मामांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"झालं का व तुह्यं जेल?"

"नाही ना मामा. ४५ अंशांत दोन बॅच वितळल्या."

मामा खो खो हसले. "मंग बरं झालं मले नाई लावलं!"

कसं जाल?
मुंबईहून विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसने रात्री बसा, पहाटे अकोला. अकोला ते अकोट साधारण ४५ किलोमीटर. नोव्हेंबर २०२२ पासून तिथवर ब्रॉडगेजची गाडीही आहे. अकोटहून हिवरखेडला एसटी. जवळच वान नदीवरचं धरण आणि वारीचा मारुती बघण्यासारखा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, मे महिना फक्त आजोळ असेल तरच. गांधीग्रामची गूळपट्टी घ्या, पण घरात कुणाला शुगर असेल तर वाटेतच संपवा. आणि आल्यावर त्यांचे तळपाय एकदा बघा.